गिरजाचं रडणं

"काढ ते लुगडं. आधी लुगडं काढ, मंग तोंड उघड."

"वयनी, मी मनानं नाई नेसलो. दादानं दिलं."

"दादानं दिलं! दादा नेसत होता का ते? आज दोरीवरचं लुगडं उचलून दिलं, उद्या मले उचलून देईन."

मुखरूने डोक्यावरचा पदर सावरला आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हात खाली घेतला. पदर सावरायची त्याला सवयच होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरे, मंडईत दंडार हे नाचगाण्याचं नाटक होई, आणि दंडारीत बाया उभ्या राहत नसत म्हणून बाईचं सोंग मुखरूसारख्या बारीक आवाजाच्या माणसाकडे येई. पण आज तो दंडारीतल्या राणीचं सोंग घेऊन उभा नव्हता. तो त्याच्या चुलतभावाच्या बायकोचं, गिरजाचं, सोंग घेऊन उभा होता. आणि गिरजा नदीवरून धुणं घेऊन अपेक्षेपेक्षा तासभर आधीच परतली होती.

भट्टीच्या मांडवात ऐरणीजवळ लटारू बसला होता. हातात लहान हातोडी. त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

"मुखरू, तिसऱ्या ओळीपासून घे," तो म्हणाला.

"घेऊन पाह्य," गिरजा म्हणाली. "याच पिळ्यानं थोबाड फोडतो."

ओसरीवर तिची सासू गुणाबाई लाखोळीची डाळ निवडत होती. तिने सुपाला एक झटका दिला. "त्याच्या लुगड्याचं काय घेऊन बसली वो? त्याच्या तोंडात काय आहे ते पाह्य. मेलेल्या पोरीचं रडणं! दिवसाढवळ्या, चूल पेटलेल्या घरात! आता अजून कोणाले न्यायले बोलावता रे?"

"माय, ते रडणं नाई आता. गाणं आहे," लटारू म्हणाला.

"तुह्या गाण्याले जाळ लाग. अन् तूबी कमी नाई गिरजे. कशाले रडली इतकी शब्दाले शब्द जोडून? माह्ये तीन लेकरं गेले. मी का रडली नाई? रडली अन् उठून चूल पेटवली. कोणी गाणं नाई केलं त्याचं."

गिरजाने धुण्याची बादली खाली ठेवली नाही. ओल्या कपड्यांचं पाणी तिच्या पायांवर गळत राहिलं.

ती वैनगंगेपलीकडच्या लोहाराची लेक. दहाव्या वर्षी भाता ओढायला बसली, बाराव्या वर्षी घण उचलला, चौदाव्या वर्षी लटारूच्या घरी आली. लोहाराच्या घरात बाईने घण मारणं हे काही कौतुकाचं नसे, ते स्वयंपाकासारखंच काम. पण गिरजाच्या घणाचं नाव होतं. लटारू सांडशीत लाल लोखंड धरून हातोडीने जिथे टक् करी, बरोबर तिथेच तिचा घण पडे, केसाएवढाही इकडेतिकडे नाही. थांबायचं असलं की तो हातोडी ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजवी आणि तिचा घण खांद्यावरच राही. सतरा वर्षं दोघं अशी काम करत आली होती. कामापुरतं बोलायची गरज पडत नसे. त्यामुळे त्या घरात जे काही बोलणं होई ते भांडणाचंच होई.

लटारूचं मंडळही एका भांडणातूनच निघालं. तो पूर्वी गावच्या दंडारीत झांज वाजवी. एकदा मुख्य गायकाने चारचौघांत सांगितलं, "लटारूभाऊ, हे झांज आहे, फाळ नोहे. हळू मारा." लटारूने झांज तिथेच ठेवली आणि घरी आला. पुढच्या मंडईला त्याने बैलबंडीत ऐरण घातली, दोरीला जुना फाळ टांगला, भाता घेतला आणि मुखरूला घेऊन मैदानाच्या कडेला स्वतंत्र उभा राहिला. पेटी नाही, तबला नाही. भात्याचा फसफस श्वास, लोखंडावर लोखंड, आणि मुखरू पोटातून ओरडतो आहे. पहिल्या वर्षी लोकांनी शेणाचे गोळे फेकले. "भुताची बंडी आली," म्हणाले. दुसऱ्या वर्षी शेण घेऊन आले, पण फेकायचं विसरून ऐकत राहिले.

गाणं करायची त्याची रीत लोकांना कळत नसे आणि तो समजावूनही सांगत नसे. देवाचं नमन नाही, राजाराणीची गोष्ट नाही, आधी चाल लावून मग शब्द बसवायचे हेही नाही. कुठे भांडण झालं, कोणी शाप दिला, कोणी गुरावर खेकसलं की हा काम सोडून कान देई. त्यातलं एखादं वाक्य उचली आणि ऐरणीवर ठोकत बसे, त्याचा अर्थ निघून जाऊन नुसता राग राहीपर्यंत. गुणाबाईने घरात शिरलेल्या कोंबडीला दिलेल्या शिव्यांचं त्याने गाणं केलं होतं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भांडणाऱ्या दोन भावांचे शब्द जसेच्या तसे मंडईत म्हटले, तेव्हा ते दोघे भाऊ एकत्र येऊन त्याला बदडून गेले. फुटलेली भुवई घेऊन तो घरी आला तो हसत.

"लागलं त्याइले," तो गिरजाला म्हणाला होता. "गाणं लागलं पाह्यजे. गोड झालं की खोटं झालं."

गिरजाने भुवईवर हळद दाबली होती, जरुरीपेक्षा जास्त जोराने.

यंदा दहा गावांच्या मोठ्या मंडईचे पंच गुणवंतराव स्वतः सांगायला आले होते. "तुमचं गाणं वाईटच आहे लटारू, मले तं डोकं दुखते. पण मानसं उठत नाई. यंदा मधात उभे राह्या, कडेले नोको." मंडई पाच दिवसांवर आली होती. आणि मैदानाच्या मधात उभं राहून म्हणण्यासाठी लटारूने जे निवडलं होतं ते मुखरूच्या तोंडून गिरजाने आत्ताच ऐकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आषाढात चंदा गेली. सहा वर्षांची होती, एकुलती. ताप चढून चौथा दिवस होता, दवाखाना तीन कोसांवर. चिखलणीचे दिवस. मांडवाबाहेर माणसं बोथट फाळ घेऊन रांगेत उभी. गिरजा पोरीला मांडीवर घेऊन मांडवाच्या दाराशी येऊन बसली होती आणि लटारू म्हणाला होता, "एवढे तीन फाळ होऊ दे, मंग बंडी जुंपतो." तीन झाले. चौथा माणूस आला, त्याचा बैल चिखलात उभा होता, त्याला नाही म्हणता आलं नाही. बंडी जुंपायला तो उठला तेव्हा पोरीचे डोळे वर गेले होते.

लटारू रडला नाही. चौथ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली. गिरजा रडली, दहा दिवस. त्या भागातल्या बाया नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. मेलेल्या माणसाला नाव घेऊन विचारतात, सांगतात, भांडतात. भेटायला आलेल्या बाया शेवटचा हेल सोबत काढतात. पण दहावा दिवस झाला की ते शब्द संपले. पुन्हा कोणी तोंडावर घेत नाही. घेतले तर मरण मागे वळून पाहतं म्हणतात. रडणारीलाही ते पुढे आठवत नाहीत.

लटारूला आठवत होते.

"तुमी ऐकत होते?" गिरजाने विचारलं.

"कानाले झाकण नसते."

"दहा दिवसात माह्याशी एक शब्द बोलले नाई तुमी. ओसरीत कुऱ्हाडीचा दांडा तासत बसले होते, माह्याकडं पाठ करून. अन् ऐकत होते? शब्द न् शब्द?"

"हो."

"अन् ठेवून दिले. मंडईसाठी."

लटारूने आता मान वर केली. "मले रडता येत नाई. तुले येते. तुह्यं घेतलं."

"रडायचं होतं तं घरात रडाचं होतं. मी होती ना घरात. दहा गावापुढं काऊन रडता?"

"घरात ठोका लागत नाई."

"ऐका!" गुणाबाई सुपातला खडा फेकत म्हणाली. "पोरगी मेली, याले ठोका लागत नाई."

गिरजाने बादली खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले. ती मुखरूसमोर जाऊन उभी राहिली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हण. पहिल्यापासून म्हण. मलेबी ऐकू दे मी कशी रडली."

"वयनी, राहू द्या ना."

"म्हण म्हणतो ना."

मुखरूने लटारूकडे पाहिलं. लटारूने हातोडी उचलली. टक्. टक्. मुखरूने डोळे मिटले आणि सुरू केलं, आणि तो माणूस वाईट नव्हता, सुरू केल्यावर त्याला दुसरं काही सुचत नसे. कपाळ तापल्याचं आलं, हातातली बांगडी ढिली झाल्याचं आलं. गिरजा दगडासारखी उभी होती. तिला ते खरंच आठवत नव्हतं. आपलंच कोणीतरी सांगावं आणि आपण पहिल्यांदा ऐकावं तसं ती ऐकत होती.

"चंदे, तुह्यी बंडी जुंपली नाई वो,
देवाच्या मनात जुंपणं नव्हतं..."

"थांब."

मुखरू थांबला.

"इथी काय होतं?"

"कुठी वयनी?"

"बंडीच्या मांगं. इथी देव नव्हता."

मुखरू गोंधळला. "दादानं असंच शिकवलं."

"दादाले विचार इथी काय होतं."

लटारू हातोडीच्या दांड्याची पाचर तपासू लागला. ओसरीवर सुपाचा आवाज थांबला. गुणाबाईलाही माहीत होतं, हेल काढायला तीही बसली होती.

"गिरजे, गप," ती म्हणाली.

पण गिरजाला आठवलं होतं. एक ओळ निसटली आणि तिच्या जागी दुसरी दिसली म्हणूनच आठवलं. ती मुखरूसारखी ओरडली नाही. बाजारातलं सामान सांगावं तसं तिने सांगितलं.

"चंदे, तुह्यी बंडी जुंपली नाई वो,
तुह्या बापाचे तीन फाळ बाकी होते.
एक झाला, दोन झाले, तिसरा झाला वो,
तं चौथा घेऊन कोणी दारात आला."

"हे होतं," ती म्हणाली. "कुठी गेलं?"

"तेवढं गाण्यात बसत नाई," लटारू म्हणाला.

"बसत नाई? धुऱ्यावरच्या भांडणातल्या शिव्या बसल्या. तुमच्या मायची कोंबडी बसली. त्या दोघा भावाच्या घरातलं उघडं केलं तं लागलं पाह्यजे म्हणे. अन् तीन फाळ बसत नाई?"

"दहा गावचे लोक राहतीन गिरजे."

"मंग?"

"मंग काय? मी त्याइच्यापुढं..." त्याने पाचर अंगठ्याने दाबली. मग चिडून म्हणाला, "देवाच्या मनात नव्हतं हे का खोटं आहे?"

"देवाच्या मनातलं मले माहीत नाई. मी ते रडली नाई. गोड केलं तुमी."

हा शब्द त्याला लागला. तो उठला, हातोडी ऐरणीवर आपटली. "माह्यं मंडळ आहे! काय ठेवाचं काय काढाचं ते मी पाहीन! तुले कोणी विचारलं? बाई मंडईत उभी राहते का? भाता ओढ, घण मार, तेवढं तुह्यं!"

"तिनं घण नाई मारला तं तुह्यं मंडळ सुपात वाजवशीन," गुणाबाई म्हणाली, कोणाच्या बाजूने ते तिलाही सांगता आलं नसतं. "मुखरू, ते लुगडं काढ रे मेल्या. लोकं येऊन राह्यले."

गावातला शेतकरी बापूजी येत होता, खांद्यावर फाळ, मागे आणखी दोघं. दोघांकडे विळे होते, धान कापणीला आलं होतं. बापूजीला हरभऱ्याची जमीन नांगरायची होती. बाहेरचा माणूस आला की घरातलं भांडण झाकायचं, हा नियम त्या घरातही होता. मुखरू आत पळाला. गिरजा भात्याशी बसली. लटारूने फाळ कोळशात खुपसला. बापूजीने पान चघळत विचारलं, "काय गा लटारू, मंडईची तयारी का? बाहेरपर्यंत आवाज येऊन राह्यला. यंदा कोणाच्या शिव्या हाये?"

"घरच्याच," गिरजा म्हणाली. बापूजी मोठ्याने हसला.

लोखंड लाल झालं. लटारूने सांडशीत धरून ऐरणीवर घेतलं. गिरजा उठली, पदर खोचला, घण उचलला. टक्, आणि घण. टक्, आणि घण. तीन-चार वेळा जसं रोज होई तसं झालं. मग पुढच्या घणाबरोबर ती बोलली.

"चंदे."

घण.

"तुह्यी बंडी."

घण.

"जुंपली नाई."

लटारूची हातोडी एकदा चुकली. लोखंड सोडून उठता येत नव्हतं. सांडशी सोडली असती तर लाल फाळ त्याच्याच मांडीवर आला असता. तो टक् करत राहिला आणि ती प्रत्येक घणावर एकेक शब्द ठेवत गेली. बाप. तीन. फाळ. विळेवाले दोघं आधी हसत होते, मग थांबले. लटारूने ऐरणीच्या कडेवर हातोडी दोनदा वाजवली. थांब. सतरा वर्षांत त्या आवाजावर तिचा घण खाली आला नव्हता. आज आला. त्याने पुन्हा दोनदा वाजवली. पुन्हा आला. लोखंडाची लाली उतरून ते काळं पडत होतं.

"चौथा," ती म्हणाली, आणि घण मारला, "घेऊन," आणि मारला, "कोणी..."

फाळाच्या टोकातून कडकन आवाज आला. थंड लोखंड तडकलं.

तिने घण भिंतीला टेकवून ठेवला. धापा टाकत ती पुन्हा भात्याशी जाऊन बसली.

बापूजीचं पान तोंडातच राहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "मले कोणी सांगितलं नाई गा. पोरगी इतकी बिमार आहे म्हणून. माहा बैल चिखलात उभा होता म्हणून मी... लटारू, तू बोलला असता तं मी वापस गेलो असतो ना!"

 बापूजीने तडकलेला फाळ तिथेच सोडला आणि निघून गेला. विळेवाले विळे न काढताच त्याच्या मागे गेले, आणि ते दुपारपर्यंत कुठे कुठे सांगतील हे मांडवातल्या सगळ्यांना कळत होतं.

लटारू तडकलेला फाळ सांडशीत तसाच धरून, काम सोडून बसला होता. गिरजाने ते पाहिलं. दोन वर्षं तिला तेवढंच पाहायचं होतं, आणि पाहिल्यावर तिला थोडं बरंही वाटलं.

मग त्याने सांडशी खाली ठेवली. त्याची बोटं मांडीवर पडू लागली. एक, दोन, मग मध्ये मोकळं, मग एक.

"गिरजे," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते की धुराने तसे झाले होते ते कळत नव्हतं. "तू 'फाळ'वर थांबली. एक ठोका सोडला अन् मंग मारला. कसं सुचलं तुले?"

तिने भात्याचा दांडा हातातून सोडला.

"मुखरू! ऐकलं का बे? देव काढून टाक. तीन फाळच घेऊ. आता लपवाचं काय राह्यलं, दुपारपर्यंत गावाले माहीत होते. अन् मी दोनदा थांब म्हणतो अन् तरी घण येते, ते तसंच ठेवाचं. हातोडी थांब म्हणते अन् घण थांबत नाई. गिरजे, भात्याजवळ चादर लावू, आडून मार तू, कोणाले दिसत नाई..."

मुखरू धोतर सावरत बाहेर आला. त्याचा चेहरा उजळला होता. "दादा, मंडई उलटी होईन!"

"तुमचे मुडदे उलटे होओ," गुणाबाई म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

गिरजा भात्यापासून उठली. तिने धुणं वाळत घातलं. भात रांधला, लाखोळीचं वरण केलं, सुकटीची चटणी वाटली. दुपारी तिघांची पानं वाढली. लटारू जेवतानाही डाव्या हाताने पाटावर ठोका धरत होता आणि मुखरू घास तोंडात ठेवून मान डोलवत होता. गुणाबाईने मुलाच्या हातावर चापट मारली, तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गिरजाने वरणाचं भांडं मध्ये ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"उद्यापासून मी घण धरत नाई. भाताबी नाई. शेजारच्या आशाबाईच्या बांधीत धान कापायले जातो, तिच्याशी बोलली मी आत्ता कुंपणावरून. गाणं म्हणाचं असन तं म्हणा, नाई तं नोका म्हणू. माह्या हातावर नाई."

"अन् मंडई?" लटारूने विचारलं.

"मंडईच्या दिवशीबी धान कापाचं आहे. सकाळचा भात मी रांधून जाईन. दुपारचा ज्यानं त्यानं वाढून घ्याचा."